सोन्याचा हिशेब हिऱ्याला चालत नाही : पहिला हिरा घेणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

कोल्हापुरातल्या घरांना सोने कळते. अंबाबाईच्या देवळाजवळच्या गुजरीत साज, ठुशी किंवा पाटल्या घ्यायला गेलेली बाई आजचा दर, घडणावळ, घट आणि मोड या चार शब्दांवर सराफाशी तासभर बोलू शकते. मी स्वतः अनेक वर्षे एका बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर काम केले आहे, त्यामुळे धाकट्या मुलीच्या साखरपुड्याची अंगठी पाहायला निघाले तेव्हा आपल्याला या विषयात शिकण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, अशी माझी पक्की समजूत होती. मुलीला प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हवा होता. जाऊबाईंच्या मते तो ‘खोटा’ होता. दोघी माझ्याकडे पाहत होत्या आणि मला मात्र कोणाची बाजू घ्यावी हे उमगत नव्हते.

पुढचे दोन महिने दुकाने पालथी घालण्यात आणि वाचण्यात गेले. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की सोन्याच्या व्यवहारात जे जे आपल्या अंगवळणी पडलेले असते, त्यातले जवळजवळ काहीच हिऱ्याला लागू पडत नाही. आणि बहुतेक फसगत होते ती हिरा खोटा निघाल्याने नव्हे, तर सोन्याचे नियम हिऱ्याला लावल्याने. पहिल्यांदाच हिरा घेणाऱ्यांना आमच्याइतकी पायपीट करावी लागू नये, म्हणून हे टप्पे क्रमाने लिहीत आहे.

१. ठेव घ्यायची आहे की हौस, हे घरातच ठरवा

सोनेतारणाच्या टेबलावर मी रोज एकच दृश्य पाहिले. उसाच्या लागणीसाठी किंवा मुलांच्या प्रवेशासाठी कोणीतरी दागिना घेऊन येतो, मूल्यांकन करणारा सराफ तो कसोटीवर घासतो, वजन करतो आणि त्यातून खड्यांचे, लाखेचे, दोऱ्याचे वजन वजा करून उरलेल्या निव्वळ सोन्यावर कर्ज मंजूर होते. हिरा कितीही उत्तम असला तरी त्या कागदावर तो वजाबाकीच्या रकान्यात जातो. तो खाणीतला आहे की प्रयोगशाळेतला, हे तेथे कोणी विचारतही नाही.

हे रोज पाहूनही थोरल्या मुलीच्या लग्नात मी सात हिऱ्यांच्या कुड्या घेतल्या होत्या आणि मनात त्यांची नोंद ठेव म्हणूनच केली होती. हिरे नैसर्गिक होते. काही वर्षांनी त्या मोडून दुसरे काही करावे म्हणून वेगळ्या दुकानात नेल्या, तेव्हा तेथील सराफाने सोन्याची रक्कम सांगितली आणि “काकू, एवढ्या बारीक हिऱ्यांचं वेगळं काही धरता येत नाही,” असे म्हणून कुड्या माझ्यापुढे सरकवल्या. ज्या दुकानातून घेतल्या होत्या त्यांनी परत घेण्याची तयारी दाखवली. परंतु बिलातील हिऱ्यांच्या रकमेतून त्यांनी जी कपात सांगितली, ती ऐकून मी कुड्या मोडल्याच नाहीत. आजही घालते, आणि हौस म्हणून पाहिले तर पैसे वसूल झाले असे म्हणता येईल.

म्हणून पहिला प्रश्न हा : अडीअडचणीला उपयोगी पडावे म्हणून दागिना घेत असाल, तर हिरा कोणताही घेऊ नका, सोने घ्या. अंगावर शोभावे, साखरपुड्याची आठवण राहावी, यासाठी घेत असाल, तरच पुढे वाचावे. नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

२. ‘कॅरट’ या एका शब्दाचे दोन अर्थ

सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता. २२ कॅरट म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग सोने. हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन : १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. त्याचे शंभर भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे ‘सेंट’, आणि दुकानात बोलणे बहुतेक सेंटमध्येच चालते. तीस सेंट म्हणजे ०.३० कॅरट. “अठरा कॅरटमध्ये तीस सेंट” हे वाक्य ऐकून गोंधळू नका. पहिला आकडा सोन्याच्या कसाचा आहे, दुसरा हिऱ्याच्या वजनाचा.

डोळ्यांसमोर आकार यावा म्हणून लक्षात ठेवण्याजोगी मापे : चांगले पैलू पाडलेला गोल हिरा तीस सेंटचा असेल तर त्याचा व्यास साधारण ४.३ मिलिमीटर, पन्नास सेंटचा असेल तर ५.१ आणि एक कॅरटचा असेल तर ६.५ मिलिमीटर भरतो. वजन दुप्पट झाले म्हणून हिरा दुप्पट रुंद दिसत नाही, हे आम्हाला दुसऱ्या दुकानात पट्टी लावून पाहिल्यावर पटले.

३. ‘खरा की खोटा’ असे विचारू नका. कप्पे तीन आहेत

आमच्या घरातले भांडण याच प्रश्नावर होते. उत्तर असे आहे की बाजारात हिरा म्हणून दाखवले जाणारे खडे तीन प्रकारचे असतात.

पहिला कप्पा नैसर्गिक हिऱ्याचा. जमिनीखाली साधारण १५० ते २०० किलोमीटर खोल, प्रचंड दाब आणि उष्णता यांत कार्बनचे हे स्फटिक तयार झाले, आणि त्यांचे वय एक अब्ज ते तीन अब्ज वर्षांच्या घरात सांगितले जाते. ज्वालामुखीच्या उद्रेकांनी ते किंबरलाइट नावाच्या खडकातून वर आले. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवण्यात गोवळकोंड्याच्या परिसरातील खाणींचा वाटा सर्वांत मोठा होता. आज आपल्याकडे मध्य प्रदेशातील पन्ना येथे थोडेफार हिरे निघतात.

दुसरा कप्पा प्रयोगशाळेत वाढवलेल्या, म्हणजे ‘लॅबग्रोन’, हिऱ्याचा. हाही कार्बनचाच स्फटिक असून त्याची घडण, काठिण्य आणि चमक नैसर्गिक हिऱ्यासारखीच असते. तो दोन पद्धतींनी करतात. एचपीएचटी पद्धतीत कार्बनवर पृथ्वीच्या पोटातल्यासारखा दाब आणि उष्णता देतात. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने या मार्गाने १९५४ च्या डिसेंबरात हिरा तयार केला आणि १९५५ मध्ये ते जाहीर केले, मात्र ते बारीक खडे कारखान्यातील हत्यारांसाठी होते. दुसरी पद्धत सीव्हीडी. हिऱ्याच्या पातळ चकतीवर मिथेन आणि हायड्रोजन वायूंपासून निघालेला कार्बन थरावर थर साचवत काही आठवड्यांत स्फटिक वाढवला जातो. आपल्याकडील दुकानांत अशा सगळ्याच हिऱ्यांना सरसकट ‘सीव्हीडी’ म्हणण्याची पद्धत आहे, मग तो प्रत्यक्षात एचपीएचटीने केलेला का असेना.

तिसरा कप्पा नकलेचा. ‘अमेरिकन डायमंड’ या नावाने जे मिळते ते क्युबिक झिरकोनिया असून त्याचा कार्बनशी काहीही संबंध नाही. मोइसनाइट हे सिलिकॉन कार्बाइड असते. दोन्ही खडे चमकतात, दोन्ही स्वस्त असतात, आणि नकली म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. पण ते हिरे नव्हेत.

तेव्हा जाऊबाईंचा ‘खोटा’ हा शब्द तिसऱ्या कप्प्याला लागू पडतो, दुसऱ्याला नाही. त्याचबरोबर दुसऱ्या कप्प्यातला माल पहिल्याच्या भावाने विकला, तर तो व्यवहार मात्र खोटाच. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न असा : “हा नैसर्गिक आहे, लॅबग्रोन आहे की नक्कल आहे, आणि जे असेल ते बिलावर लिहून द्याल का?” सराफाच्या उत्तरापेक्षा उत्तर द्यायला त्याला लागणारा वेळ मला अधिक बोलका वाटला. हिरे-व्यवहारासाठी २०१५ मध्ये ठरलेल्या आयएसओ १८३२३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नुसता ‘हिरा’ असा शब्द वापरला तर तो नैसर्गिकच समजायचा आणि प्रयोगशाळेतला असेल तर तसे स्पष्ट म्हणायचे. अमेरिकेत ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द काढून टाकला, तरी प्रयोगशाळेतला हिरा तसा सांगूनच विकण्याचे बंधन कायम ठेवले.

एक सापळा येथेच सांगते. काही दुकानांत पेनासारखे यंत्र खड्याला टेकवून ‘पाहा, हिरा आहे’ असे दाखवतात. हे साधे यंत्र खड्यातून उष्णता किती वेगाने जाते एवढेच पाहते. ते अमेरिकन डायमंड ओळखते. परंतु नैसर्गिक आणि प्रयोगशाळेतला हिरा दोघांनाही सारखाच होकार देते आणि कित्येकदा मोइसनाइटलाही देते. श्वासाची वाफ सोडून पाहणे, वर्तमानपत्राच्या अक्षरांवर खडा ठेवून पाहणे, या घरगुती परीक्षांनीही पहिले दोन कप्पे वेगळे होत नाहीत. भिंगातून पाहून नक्की सांगतो म्हणणाऱ्या अनुभवी माणसावरही विसंबू नका, कारण हा फरक खात्रीने सांगायला खड्याच्या आतील वाढीच्या रेषा आणि प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद तपासणारी प्रयोगशाळेतली उपकरणे लागतात. २०१२ मध्ये बेल्जियममधील अँटवर्प या हिऱ्यांच्या मोठ्या बाजारपेठेत तपासणीसाठी आलेल्या मालात शेकडो सीव्हीडी हिरे न सांगता मिसळलेले आढळले होते. जेथे व्यापाऱ्यांच्या नजरेतून ते सुटले, तेथे आपली काय कथा?

ज्योतिषाच्या सांगण्यावरून शुक्रासाठी हिरा घेणाऱ्यांनी प्रयोगशाळेतला चालेल का, हे ज्योतिषालाच विचारावे. रसायनशास्त्राकडे त्याचे उत्तर नाही.

४. चार ‘सी’ समजून घ्या, पण सगळ्यांना सारखे महत्त्व देऊ नका

कॅरट, कलर, क्लॅरिटी आणि कट ही चार परिमाणे प्रत्येक दुकानात ऐकवली जातात. रंगाची श्रेणी डी या अक्षरापासून सुरू होते : डी, ई, एफ पूर्ण रंगहीन, जी ते जे जवळजवळ रंगहीन. स्वच्छतेत, म्हणजे खड्याच्या आतले दोष किती कमी आहेत यात, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशा उतरत्या पायऱ्या असतात. माझे मत विचाराल तर पैसे कटवर खर्च करावेत. पैलू नीट कोनात पडले नाहीत तर डी रंगाचा हिराही काचेसारखा मंद दिसतो, आणि पैलू चांगले असतील तर जी रंगाचा हिरा पिवळ्या सोन्याच्या कोंदणात डोळ्यांना पांढराच दिसतो. नुसत्या डोळ्यांना व्हीव्हीएस आणि व्हीएस यांतला फरक कळत नाही. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांत उंच श्रेणी सहज मिळते, म्हणून तेथे ‘ई-एफ, व्हीव्हीएस’ ऐकून हुरळून जाण्याचे कारण नाही.

५. भावाचे गणित सोन्यासारखे नाही

सोन्याचा दर सकाळी वर्तमानपत्रात येतो आणि दहा ग्रॅमचा भाव कळला की पाच ग्रॅमचा तोंडी करता येतो. हिऱ्याचे तसे नसते. नैसर्गिक हिऱ्यात आकार वाढला की प्रति कॅरट दरही वाढतो, कारण मोठे स्फटिक दुर्मिळ असतात. म्हणून पन्नास सेंटचे दोन हिरे मिळून एक कॅरटच्या एका हिऱ्याची किंमत होत नाही, पुष्कळ कमी होते. शिवाय अर्धा कॅरट, एक कॅरट अशा गोल आकड्यांवर दर एकदम उडी मारतो. ९५ सेंटचा हिरा एक कॅरटपेक्षा डोळ्यांना लहान दिसत नाही, मात्र बराच स्वस्त पडतो. नैसर्गिक हिरा घेणाऱ्यांनी ही युक्ती जरूर वापरावी.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचा भाव आज त्याच मापाच्या नैसर्गिक हिऱ्याच्या पाचव्या ते दहाव्या हिश्शापर्यंत उतरलेला दिसतो. मोठ्या खड्यांत तफावत अधिक. याचे कारण साधे आहे : यंत्रे वाढली, चीन आणि भारतात उत्पादन वाढले, आणि मागणी वाढली तरी पुरवठा त्याच्या पुढे धावला. आपल्या सरकारनेही या उद्योगाला हात दिला. २०२३ च्या अर्थसंकल्पात या हिऱ्यांच्या संशोधनासाठी आयआयटीला पाच वर्षांचे अनुदान जाहीर झाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेत तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना साडेसात कॅरटचा प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा भेट दिला.

या घसरणीने एका बलाढ्य कंपनीचीही गणिते चुकवली. खाणीतल्या हिऱ्यांवर शतकभर सत्ता गाजवलेल्या डी बिअर्सने २०१८ मध्ये लाइटबॉक्स या नावाने प्रयोगशाळेतले हिरे एका कॅरटला ८०० डॉलर अशा सरळ दराने विकायला काढले, त्यामागे हे हिरे हौसेचे, स्वस्त आणि नैसर्गिकाहून निराळे आहेत हे ग्राहकांच्या मनावर ठसवण्याचा विचार होता. पण बाजारातले भाव त्याही खाली गेले आणि २०२५ मध्ये कंपनीने हा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्या बाजूला नैसर्गिक हिरेही अढळ राहिले नाहीत. २०२२ नंतर त्यांचे भाव उतरले आणि सुरतेतील पैलू पाडणाऱ्या कारागिरांच्या कामावर त्याची झळ पोहोचली. हिरा म्हणजे कधीही न उतरणारी संपत्ती ही समजूत जाहिरातींनी घडवलेली आहे, आणि डी बिअर्सच्या ‘अ डायमंड इज फॉरेव्हर’ या ज्या प्रसिद्ध घोषवाक्याने तिला बळ दिले ते १९४७ सालचे आहे. आपल्या आज्यांच्या पिढीत कोल्हापुरात साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी हवीच, असे कोणी म्हणत नव्हते.

तरुण मुलामुलींचा हिशेब आता निराळा झालेला आहे, हे माझ्या मुलीशी बोलताना जाणवले. “आई, मी ती विकणारच नाहीये, मग विकताना काय मिळेल हे कशाला बघू?” असे ती म्हणाली. जेवढ्या पैशांत नैसर्गिक हिरा लहानसा मिळाला असता, तेवढ्यात तिला त्याहून बराच मोठा मिळत होता आणि वर पैसे उरत होते. तिचे म्हणणे मला पटले, पण एका अटीवर : उरलेल्या पैशांचे चोख सोने घ्यायचे. ते तिने घेतले.

उलट बाजूही नोंदवते. प्रयोगशाळेतला हिरा आज घेतला आणि पुढच्या वर्षी तसाच आणखी स्वस्त मिळाला, तर मनाला टोचेल अशा स्वभावाच्या माणसाने तो घेऊ नये. आणि ‘आजीची अंगठी नातीला’ या भावनेत दुर्मिळतेला ज्यांच्या लेखी मोल आहे, त्यांनी लहानसा का होईना, नैसर्गिक घ्यावा.

६. ‘पर्यावरणपूरक’ या शब्दापाशी थांबा

प्रयोगशाळेतल्या हिऱ्यासाठी जमीन खोदावी लागत नाही, हे खरे. परंतु त्याला वीज मोठ्या प्रमाणावर लागते, आणि ती कोळशाची आहे की सूर्याची यावर सगळे अवलंबून असते. फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये काही विक्रेत्यांना अशा मोघम दाव्यांबद्दल लेखी इशारा दिला होता. खाणीतल्या हिऱ्यांच्या बाबतीत किंबर्ली प्रक्रिया, म्हणजे कच्च्या हिऱ्यांना प्रमाणपत्र देण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था, २००३ पासून लागू आहे, पण तिच्यात ‘संघर्षाचे हिरे’ म्हणजे सरकारांविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारे हिरे, एवढीच व्याख्या आहे. खाणकामगारांची मजुरी किंवा नदीचे पाणी तिच्या कक्षेत येत नाही. दोन्ही बाजूंची पत्रके वाचा आणि कोणत्याही एकाच्या आधारे निर्णय घेऊ नका.

७. प्रमाणपत्र वाचायला शिका

आम्हाला पहिल्या दुकानात जे ‘सर्टिफिकेट’ दाखवले, ते त्या दुकानाचेच छापील, प्लास्टिकचे आवरण घातलेले कार्ड होते. त्यावर दागिन्याचा फोटो, ‘ई-एफ, व्हीव्हीएस’ आणि खाली दुकानाचा शिक्का. हे प्रमाणपत्र नव्हे. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल हवा. जीआयए, आयजीआय आणि एसजीएल ही नावे आपल्याकडे नेहमी आढळतात.

अहवाल हातात आला की हे पाहा. सर्वांत आधी शीर्षक : तो नैसर्गिक हिऱ्याचा आहे की प्रयोगशाळेतल्या, हे तेथेच लिहिलेले असते. आयजीआयच्या प्रयोगशाळेतल्या हिऱ्याच्या अहवालाचा क्रमांक एलजी या अक्षरांनी सुरू होतो. नंतर शेरा वाचा. हिरा सीव्हीडीने केला की एचपीएचटीने, आणि वाढवल्यावर त्याचा रंग सुधारण्यासाठी पुन्हा प्रक्रिया केली असण्याची शक्यता आहे का, हे तेथे नोंदवलेले असते. जीआयएने ऑक्टोबर २०२५ पासून प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांना रंग आणि स्वच्छतेच्या नेहमीच्या श्रेणी देणे थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोनच वर्ग केले आहेत, त्यामुळे नव्या अहवालात डी-ई-एफ दिसले नाही म्हणून बिचकू नका.

त्यानंतर अहवालाचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतःच्या मोबाइलवरून टाका. दुकानदाराने दाखवलेला पडदा पुरेसा नाही. हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे वरचे आणि खालचे पैलू जेथे मिळतात त्या कडेवर, हाच क्रमांक बहुतेक वेळा लेसरने कोरलेला असतो आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून तो वाचता येतो. मात्र दुसऱ्याच नैसर्गिक हिऱ्याचा क्रमांक प्रयोगशाळेतल्या हिऱ्यावर कोरून आणल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत, म्हणून केवळ क्रमांकावर न थांबता वजन आणि मिलिमीटरमधील मापे दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत जुळतात का, हे पाहावे. हिरा कोंदणात बसवण्यापूर्वी सुटा असतानाच हे पाहणे सोपे जाते. आम्ही सराफाला तशी विनंती केली आणि त्याने ती आनंदाने मानली.

कुड्यांसारख्या दागिन्यातल्या बारीक हिऱ्यांना एकेकटा अहवाल मिळत नाही, संपूर्ण दागिन्याचा मिळतो. मिसळीचा धोका येथेच सर्वांत अधिक. नैसर्गिक बारीक हिरे म्हणून पैसे मोजत असाल, तर दागिन्याच्या अहवालात सर्व हिरे नैसर्गिक असल्याचा उल्लेख आहे ना, हे पाहा. तो नसेल तर मुंबईतल्या प्रयोगशाळेत दागिना पाठवून तपासून घेण्याची अट घाला.

८. सोने विसरू नका

हिऱ्याकडे पाहता पाहता सोन्याकडे दुर्लक्ष होते, आणि गंमत म्हणजे जो भाग आपल्याला उत्तम कळतो तेथेच आपण ठकतो. हिऱ्याचा दागिना बहुधा १८ किंवा १४ कॅरट सोन्यात असतो. आपल्याकडच्या बायका बावीसचा आग्रह धरतात. पण बावीस कॅरट सोने मऊ असल्याने हिरा पकडणारी नखे त्यात लवकर झिजतात, त्यामुळे अठराच योग्य. फक्त दर अठराचा लावलेला आहे ना, एवढे पाहावे. हॉलमार्कवर १८ कॅरटसाठी ७५० आणि १४ कॅरटसाठी ५८५ असा आकडा असतो आणि सोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख-क्रमांक असतो, जो बीआयएस केअर या अॅपवर टाकून तपासता येतो. हॉलमार्क सोन्याची हमी देतो. हिऱ्याबद्दल तो काहीही सांगत नाही, जरी ‘हॉलमार्कचा दागिना आहे’ हे वाक्य अनेकदा दोन्हींची हमी असल्यासारखे उच्चारले जाते.

वजनाचा हिशेब असा करावा. अंगठीचे एकूण वजन ३.४६ ग्रॅम आणि हिरे ०.८० कॅरट असतील, तर हिऱ्यांचे वजन ०.१६ ग्रॅम. सोन्याचा दर ३.३० ग्रॅमवर लागला पाहिजे. एकूण वजनावर सोने लावून वर हिऱ्याचे वेगळे पैसे घेतले, तर हिऱ्याचे पैसे दोनदा गेले. मोठ्या सेटमध्ये पाच कॅरट हिरे म्हणजे पूर्ण एक ग्रॅम सोन्याचा फरक पडतो.

९. सोबत काय न्यावे आणि बिलात काय असावे

दुकानात जाताना पॅन कार्ड आणि आधार कार्ड ठेवा, कारण मोठ्या रकमेच्या खरेदीला पॅन मागितले जाते. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास विक्रेत्याला कायद्याने मनाई आहे, तेव्हा पैसे बँकेमार्फत देण्याची तयारी असू द्या. दहापट भिंग, मिलिमीटरची पट्टी, बोटाचे माप आणि आकडेमोड करायला कागद. जुने सोने मोडीत द्यायचे असेल तर त्याचे मूळ बिल. दुकानातले पिवळे दिवे प्रत्येक खड्याला सुंदर करतात, म्हणून हिरा एकदा दाराशी दिवसाच्या उजेडात पाहावा.

पक्क्या बिलात पुढील गोष्टी वेगवेगळ्या ओळींत असाव्यात :

- सोन्याचे निव्वळ वजन, कस, त्या दिवशीचा दर आणि घडणावळ
- हिऱ्यांची संख्या, एकूण वजन कॅरटमध्ये आणि प्रति कॅरट दर
- ‘नैसर्गिक’ किंवा ‘प्रयोगशाळेत वाढवलेला’ असा स्पष्ट उल्लेख
- अहवालाचा क्रमांक
- ३ टक्के जीएसटी

सुटा हिरा घेतल्यास बिलावरचा वस्तू-संकेतांकही (एचएसएन) पाहा. नैसर्गिक हिऱ्याचा ७१०२ ने आणि प्रयोगशाळेतल्याचा ७१०४ ने सुरू होतो. ‘बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल’ हा सल्ला गुजरीत नवा नाही. सोन्यात तो कदाचित पचून जातो, कारण सोने पुन्हा कसाला लावता येते. हिऱ्याच्या बाबतीत कागद गेला की ओळखच गेली.

१०. परत घेण्याची अट तोंडी ऐकू नका

‘आमच्याकडे बायबॅक आहे’ एवढ्याने समाधान मानू नका. किती टक्के, कशाचे टक्के (त्या दिवसाच्या भावाचे की बिलाच्या रकमेचे), रोख की बदली दागिना, आणि फक्त त्याच शाखेत की इतरत्रही, हे चार मुद्दे लिहून घ्या. बदली दागिन्याची अट असेल तर त्याचा अर्थ पैसे परत मिळणार नाहीत, पुन्हा खरेदी करावी लागेल, असा असतो. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यावर काही पेढ्या बायबॅक देतात. पण अशा हिऱ्याची किंमत शून्य धरूनच निर्णय घ्यावा आणि काही मिळाले तर ते वरकड समजावे.

सांगितलेले एक आणि दिलेले दुसरे असे आढळले, तर आधी दुकानाला लेखी कळवावे, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, आणि तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

११. घरी आणल्यावर

हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही, ही समजूत दृष्टांतापुरती ठेवावी. हिरा सर्वांत कठीण आहे, म्हणजे दुसऱ्या हिऱ्याखेरीज सहसा कशानेही त्यावर ओरखडा उठत नाही. परंतु विशिष्ट दिशांना घाव बसला तर तो चिरतो, आणि हे दोन्ही प्रकारच्या हिऱ्यांना लागू आहे. हिरा कार्बनचा असल्याने फार तापवल्यास हवेत जळूही शकतो, म्हणून अंगठी सैल-घट्ट करायला देताना ती हिऱ्याची आहे हे कारागिराला बजावून सांगावे. तेलकटपणा हिऱ्याला पटकन चिकटतो, फोडणीच्या वाफेनेही तो मंदावतो. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने मागच्या बाजूने घासले की पुन्हा उजळतो. हिरे इतर दागिन्यांवर ओरखडे काढतात, तेव्हा वेगळ्या डबीत ठेवावेत. अहवाल आणि बिल यांच्या प्रती काढून मूळ कागद लॉकरमध्ये, दागिन्यापासून वेगळे ठेवावेत, म्हणजे एक हरवले तरी दुसरे राहते.

आणि महिन्यातून एकदा अंगठी कानाजवळ धरून तिला बोटाने हलकेच टिचकी मारा. बारीकशी खुळखुळ ऐकू आली, तर नखे सैल झालेली आहेत. मग ती अंगठी बोटात न घालता डबीतूनच सराफाकडे न्यावी.